भाऊसाहेबांचं दप्तर

कुणी काहीही सांगितलं की भाऊसाहेब स्क्रीनवरची नजर न काढता विचारतात, "नोंद कुठाय?" पुढच्या बुधवारी रिलीज आहे म्हटलं, तरी नोंद कुठाय. कॅन्टीनवाल्यानं पोह्यांचा भाव वाढवला म्हटलं, तरी नोंद कुठाय. आमच्या टीममधल्या एका मुलीनं लग्न ठरल्याचे पेढे वाटले, तेव्हा भाऊसाहेबांनी पेढा घेतला, तोंडभर अभिनंदन केलं, आणि मग त्यांचे ओठ नुसतेच हलले. पुढचे दोन शब्द त्यांनी पेढ्याबरोबर गिळले हे सगळ्यांनी पाहिलं.

असं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. मीटरबॉक्सच्या झाकणाला आतून कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा याची चिठ्ठी चिकटवणारे काका. सिलिंडर लावला त्या तारखेला कालनिर्णयवर गोल करणारी मावशी. मिक्सरचं बिल, वॉरंटी कार्ड आणि खोक्यावरचा नंबर असलेला पुठ्ठ्याचा तुकडा एकाच पिशवीत रबर लावून ठेवणारे सासरे. आपण त्यांची टिंगल करतो, आणि रात्री अकराला अर्ध्या घराचे दिवे गेले की त्यांनाच फोन लावतो. भाऊसाहेब त्याच गोत्रातले, फक्त त्यांना याचा पगार मिळतो.

हुद्दा टेक्निकल रायटर. गावाकडं त्यांचे वडील सांगतात, "पुण्याला कंपनीत लिहायला आहे," आणि ऐकणारा समजून मान डोलावतो. वडील स्वतः तलाठी होते, साताऱ्याच्या माण तालुक्यात. हे एकदा डबे खाताना निघालं. आमच्यातल्या लातूरच्या पोराचं लहानपण आजोबांबरोबर उताऱ्यासाठी चावडीच्या पायरीवर बसण्यात गेलेलं. तो घास तसाच ठेवून हात जोडून उठला, "नमस्कार भाऊसाहेब, आमच्या सातबाऱ्याचं तेवढं बघा!" खेड्यात तलाठ्याला भाऊसाहेबच म्हणतात. त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं.

आमचं ऑफिस बाणेरला. आम्ही जे बनवतो ते एआय एजंटांच्या कामाचा इतिहास ठेवणारं टूल आहे, अनडू-रिडूसकट. एजंट म्हणजे नुसती उत्तरं देऊन गप्प बसणारा प्राणी नव्हे. तुम्ही त्याला म्हणता, "ह्या फोल्डरमधली बिलं जरा नीट लाव," की तो फायली उघडतो, नावं बदलतो, कमांड चालवतो, वेळ पडली तर कुणाला मेलही पाठवतो. तुमचा चहा होईपर्यंत त्याची पन्नास कामं झालेली असतात. त्यातलं पंधरावं चुकलेलं असेल तर? आमचं टूल प्रत्येक पायरीच्या आधीची अवस्था जपून ठेवतं आणि म्हणाल त्या पायरीपर्यंत मागं नेतं. तिथून पुन्हा पुढंही आणतं. टूल उभं राहिलं तेव्हा पोरांनी भाऊसाहेबांना सांगितलं, "डॉक्समध्ये फार काही नाहीये. एक पान बास. अनडू म्हणजे अनडू, जगाला माहितेय."

"कुणाचं अनडू?" भाऊसाहेब म्हणाले.

"कुणाचं म्हणजे?"

"एजंटनं फाइलीत एक ओळ बदलली. मग मी त्याच फाइलीत खालची ओळ बदलली, माझ्या हातानं. मग मी अनडू दाबलं. कुणाची ओळ गेली?"

"शेवटची. म्हणजे तुमची."

"पण चूक एजंटची होती. माझी ओळ बरोबर होती."

"बरं, मग एजंटची काढू."

"आणि माझी ओळ त्याच्या ओळीवर टेकलेली असली तर?"

आमचा टीम लीड हुशार मुलगा आहे. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मार्कर घेऊन फळ्याकडे गेला. दुपारच्या चहालाही तो फळ्याशीच होता. एका पानाचं डॉक्युमेंट लिहायला बसलेल्या माणसानं टूलचं अर्धं डिझाइन पुन्हा उघडायला लावलं होतं. रिलीज पुढं गेलं. का गेलं, ते मीटिंगच्या टिपणात लिहायला कुणी धजेना, तेव्हा भाऊसाहेबांनीच लिहिलं: "कारण: मी प्रश्न विचारला."

त्यांचा सगळ्यांत त्रासदायक गुण म्हणजे ते स्वतःला कायम नवखं समजतात. "असं धर, मी आजच आलोय," हे त्यांचं वाक्य ऐकलं की पोरं खुर्चीत खाली सरकतात. एकदा एकानं लिहिलेल्या सूचनेत वाक्याच्या शेवटी कमांड होती आणि वाक्य संपलं म्हणून पुढं पूर्णविराम. भाऊसाहेबांनी पूर्णविरामासकट कमांड टाइप केली आणि लाल अक्षरातला एरर घेऊन त्याच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. "अहो, पूर्णविराम टाइप करायचा नसतो!" "हे कुठं लिहिलंय?" दुसऱ्या खेपेला अनडू चालू असतानाच त्यांनी नेटची वायर काढली. निम्म्या फायली मागं गेल्या, निम्म्या पुढंच राहिल्या. पोरं ओरडली, "असं कोण करतं?"

"डेक्कन क्वीनमध्ये बसलेला माणूस. खंडाळ्याच्या बोगद्यात."

यावर उत्तर नव्हतं, कारण आमचा लीड दर महिन्याला डेक्कन क्वीननं मुंबईला जातो आणि घाटात लॅपटॉप उघडून बसतो. आता अनडू एक तर पुरतं होतं, नाहीतर मुळीच होत नाही.

काही शब्द त्यांच्या राज्यात चालत नाहीत. 'फक्त' चालत नाही, 'सहज' चालत नाही, 'अर्थातच' तर नाहीच नाही. "फक्त हे बटण दाबा" असं कुणी लिहिलं की ते विचारतात, "ज्याला बटणच सापडत नाहीये, त्यानं हे 'फक्त' वाचून काय करायचं? रडायचं?" इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या मंडळींनी १९९७ साली आरएफसी २११९ नावाचा एक छोटा कागद काढला. तांत्रिक नियमांत 'मस्ट', 'शुड', 'मे' असे शब्द आले तर कुणी काय समजायचं, एवढंच त्यात आहे. भाऊसाहेबांना तो जवळपास पाठ आहे आणि त्याचा अंमल घरीही चालतो. एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. स्विचबोर्डाशेजारी सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: "गीझर बंद करणे: अनिवार्य. गॅलरीतला दिवा: शक्यतो. पंखा: ऐच्छिक." त्याखाली घाईच्या अक्षरात, निळ्या बॉलपेननं: "सकाळचा चहा: ऐच्छिक." हे वहिनींचं. भाऊसाहेबांनी त्या ओळीपुढं तारीख घालून सही केली होती.

चार वाजता अमृततुल्यला गेलो की त्यांच्यातला इतिहासकार जागा होतो. वॉरन टाइटलमन यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लिस्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत अनडूची सोय कशी केली, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा एडिटर कसा रचला, फोटोशॉपमध्ये १९९८ साली हिस्टरीची यादी आली तेव्हा चित्रकार मंडळी कशी सुटली. ऐकता ऐकता चहा गार होतो. कट-कॉपी-पेस्ट जगाला देणारे टेस्लर २०२० मध्ये वारले. ती बातमी आली त्या दिवशी भाऊसाहेबांनी कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही यांना हात लावला नाही, सगळं पुन्हा पुन्हा हातानं टाइप केलं. श्रद्धांजली म्हणून. त्या दिवशीच्या डॉक्समध्ये एकच फाइलनाव तीन प्रकारे लिहिलेलं सापडलं, पण तेव्हा आम्ही कुणी काही बोललो नाही.

मात्र त्यांच्या मनातली खरी सल रिडूची आहे. अनडूला सगळे ओळखतात, रिडूला कुणी वाली नाही. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तुम्ही दहा पावलं मागं गेलात आणि चुकून एक अक्षर टाइप केलंत, की पुढची दहाच्या दहा पावलं कायमची गेली. कुणी विचारत नाही, सांगत नाही. भाऊसाहेबांना हा सरळसरळ अन्याय वाटतो. ईमॅक्स या एडिटरच्या जुन्या पद्धतीत अनडू हाही एक बदलच धरतात, त्यामुळं त्याचंही अनडू होतं, हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो. विम या एडिटरनं २००६ साली सातव्या आवृत्तीत इतिहासाला फांद्या फुटू दिल्या, मागं येऊन वेगळी वाट धरली तरी जुनी वाट शाबूत राहते, हे सांगताना तर ते दुसरा चहा स्वतःच्या पैशानं मागवतात.

म्हणून आमच्या टूलमध्ये रिडूचा विषय निघाला तेव्हा आम्ही सावध होतो. तरी सापडलोच.

"रिडू म्हणजे काय रे बाबा? तेव्हा झालं होतं ते जसंच्या तसं परत मांडायचं, की एजंटला तेच काम पुन्हा करायला सांगायचं?"

"एकच की ते."

"करून बघ."

केलं. बिलं नीट लावण्याची तीच आज्ञा, तेच फोल्डर. पहिल्यांदा एजंटनं बिलं महिन्यांप्रमाणे लावली होती. दुसऱ्यांदा त्यानं दुकानदारांच्या नावांप्रमाणे लावली, आणि उरलेल्यांसाठी 'इतर महत्त्वाचे' असा एक फोल्डर मनानंच काढला. लाइट बिल त्यात गेलं. तेव्हा ठरलं की रिडूनं नोंदवलेला निकालच परत ठेवायचा, एजंटमागच्या एआय मॉडेलला हाक मारायची नाही. पुन्हा करायला सांगायचं असेल तर ते वेगळं बटण, आणि त्याच्या नावात 'रिडू' हा शब्द दिसता कामा नये. डॉक्समध्ये हे वाक्य ठळक अक्षरात आहे. भाऊसाहेब ठळक अक्षर क्वचित वापरतात. म्हणतात, ठळक फार झालं की कुणालाच काही दिसत नाही.

पण पोरांशी त्यांचं सगळ्यांत मोठं भांडण झालं ते खोडण्यावरून. पोरांनी केलं होतं असं: अनडू केलं की ती पायरी इतिहासातून काढून टाकायची. भाऊसाहेबांनी वाचलं आणि चष्मा काढला. चष्मा काढला की प्रकरण लांबतं.

"म्हणजे अनडू केल्याची नोंदच नाही?"

"कशाला हवी? अनडू म्हणजे ते झालंच नाही."

"झालंच नाही असं कसं? एजंटनं फाइल उडवली होती. पाच मिनिटं फाइल नव्हती. त्या पाच मिनिटांत दुसरा एजंट ती शोधायला आला. त्याला सापडली नाही, म्हणून त्यानं कोरी बनवली. मग तू अनडू केलंस आणि जुनी परत आणलीस. आता ह्या दोन फायली कशा झाल्या, कोण सांगणार?"

मग त्यांनी वडिलांचं दप्तर उघडलं. अक्षरशः नव्हे, पण आम्हाला ते समोर दिसलं. सातबारा काय सांगतो? जमीन आज कुणाची आहे ते. ती त्याच्याकडं कशी आली, वारसानं, खरेदीनं की वाटपानं, ते फेरफार सांगतो, गाव नमुना सहा. प्रत्येक फेरफाराला क्रमांक, आधी नोटीस, हरकतीला मुदत, वर मंडळ अधिकाऱ्याची सही. उताऱ्यावरचं नाव कमी करायचं तर वडिलांच्या काळी खोडत नसत, त्याला कंस करत. कंसातलं नाव आजही वाचता येतं, आणि शेजारी वर्तुळात फेरफाराचा नंबर असतो, की बाबा, हा का गेला ते तिकडं जाऊन बघ. लिहिण्यातच चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे, पण त्या दुरुस्तीचाही आदेश होतो आणि तिचीही नोंद होते. "आमच्या वडिलांनी सगळ्या नोकरीत खोडरबर विकत घेतलं नाही," भाऊसाहेब म्हणाले, आणि चष्मा घातला.

लीडनं दोन दिवस तोंड पाडून काम केलं. आता आमच्या टूलचा इतिहास पुढंच वाढतो. अनडू हीसुद्धा त्यात एक नवी ओळ असते: अमक्यानं, अमक्या वेळी, अमकी पायरी मागं घेतली. फायलींची आजची अवस्था हवी तर त्या ओळींवरून काढता येते. इंजिनिअर लोकांत या पद्धतीला इव्हेंट सोर्सिंग म्हणतात आणि त्यावर परिषदांत भाषणं होतात. लातूरचा पोरगा मात्र कोड तपासताना कुठं डिलीट दिसलं की शेजारी दोनच शब्दांचा शेरा मारतो: "कंस करा."

घरादारातही त्यांचं हेच. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पुसायची सोय असते, ती त्यांना मान्य नाही. कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांचं असं येतं: "शुद्धिपत्र. वरील मेसेजमध्ये 'उद्या' ऐवजी 'परवा' असे वाचावे." पाच मिनिटांनी: "शुद्धिपत्र क्र. २. मूळ 'उद्या' बरोबर होते." आतेबहीण तोवर स्वारगेटला पोचलेली असते.

त्यात ते सोसायटीचे सेक्रेटरी. पार्किंगच्या वादावरून वार्षिक सभा जी पेटली, ती त्यांनी शब्दन् शब्द उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका हाफ पँटमध्येच दारात हजर.

"अहो सेक्रेटरी, ते 'चोर' मी रागात म्हणालो. तेवढं काढून टाका."

"काढता येत नाही. 'शब्द मागे घेतला' अशी नवी नोंद घेता येते."

"म्हणजे आधीचं तसंच राहणार?"

"राहणार. खाली मागे घेतल्याचं येणार. वाचणाऱ्याला तुमचा मोठेपणा दिसेल."

काकांनी थोडा विचार केला. "मग असं करा, मागे घेतल्याचं राहू द्या. तो आहेच चोर." ही दुसरी नोंदही घेतली गेली.

आमच्या डॉक्समधलं सगळ्यांत गाजलेलं पान मात्र वेगळंच. मार्केटिंगच्या मुलीनं घोषवाक्य केलं होतं: सगळं परत आणा. भाऊसाहेबांनी डॉक्सचं पहिलंच पान केलं: परत न येणाऱ्या गोष्टी. ती रडकुंडीला आली. "लोक आधी हेच वाचतील ना!" "म्हणून तर वर ठेवलंय." पानावर एक तक्ता आहे. एजंटनं फाइल बदलली असेल तर ती परत येते. हॉटेलचं बुकिंग केलं असेल तर ते रद्द करता येतं, पण रद्द करण्याचे पैसे कापले जातात, म्हणजे ते पुसलं जात नाही, त्याची भरपाई होते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सेलम यांनी १९८७ मध्ये डेटाबेसच्या जगात नेमकं हेच मांडलं: लांबलचक कामात प्रत्येक पायरीला तिची उलट पायरी आधीच ठरवून ठेवा. आणि तिसरा रकाना सरळ 'नाही'चा. यूपीआयनं पैसे गेले की गेले, ज्याला मिळाले त्यानं मनावर घेतलं तरच परत. गेलेलं मेलही तसंच. "पण जीमेलमध्ये पाठवलेलं मागे घेता येतं की!" मार्केटिंगनं शेवटचा बाण सोडला. भाऊसाहेब याचीच वाट बघत होते. जीमेल ते मेल मुळात पाठवतच नाही, जास्तीत जास्त तीस सेकंद स्वतःपाशी धरून ठेवतं. "तो अनडू नाही, तो धीर आहे." मग टूलमध्येही तीच सोय झाली: एजंटचं जे काम परत येणार नाही, ते आधी रांगेत थांबतं आणि माणसानं हो म्हटल्यावर सुटतं. मुलीनं घोषवाक्य बदललं. नवं घोषवाक्य काय आहे ते मला आठवत नाही, तिलाही आठवत नसावं.

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एजंटची बातमी जगभर झाली. काही बदलू नकोस असं बजावलेलं असताना त्यानं चालू डेटाबेस उडवला, आणि वर सांगितलं की हे आता परत येणार नाही. माणसानं करून बघितलं, तर परत आलं. ही बातमी भाऊसाहेबांनी छापून खणात ठेवली आहे. आम्हाला वाटलं, डेटाबेस उडाल्याचा धक्का बसला असेल. त्यांना राग भलत्याच गोष्टीचा होता. "परत येतं की नाही हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं! म्हणजे एक तर कुणी लिहिलं नव्हतं, नाहीतर त्यानं वाचलं नव्हतं."

तेव्हापासून ते एजंटनं वाचण्यासाठीही डॉक्स लिहायला लागले. आता, डॉक्स लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते, की ते कुणी वाचत नाही. लोक आधी बटणं दाबतात, मग शेजाऱ्याला विचारतात, मग शिव्या देतात, आणि सगळं संपल्यावर पहिलं पान उघडतात. आयुष्यभर अशा वाचकांसाठी लिहिलेल्या माणसापुढं एजंट आला. त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या तळटिपेपर्यंत सगळं वाचलं आणि सांगितलं, की तिसऱ्या पानावरचं एक वाक्य अकराव्या पानाशी जुळत नाही. भाऊसाहेबांनी त्या दिवशी डबा उघडला नाही. "जुळत नाही म्हणाला," असं ते ज्याला त्याला सांगत होते. शब्द तक्रारीचे होते, पण चेहरा इतका फुललेला आम्ही त्यांच्या बढतीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

हे प्रेम फार टिकलं नाही. वरच्या मजल्यावरून निरोप आला की एजंट वाचतो तर लिहीलही, पुढचा भाग त्याच्याकडून लिहून घ्या. एजंटनं तो झटक्यात लिहिला, स्वच्छ, शिस्तीत. भाऊसाहेबांनी लाल पेन घेतलं. पहिल्याच परिच्छेदात तीन वेळा 'सहज'. पाचव्या पानावर फोर्स-रिडू नावाचा एक पर्याय, उदाहरणासकट समजावून दिलेला. असा पर्याय आमच्या टूलमध्ये नव्हताच. ते कागद नाचवत लीडकडे गेले. लीडनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाला, "आयडिया बरी आहे पण." संध्याकाळपर्यंत त्यानं तो पर्याय बनवूनही टाकला.

"आधी उतारा आणि मग जमीन!" भाऊसाहेब लिफ्टपर्यंत पुटपुटत गेले. "आमच्या माण तालुक्यात ह्याला सस्पेंड केला असता."

सध्या ते अडलेत ते निराळ्याच जागी. युरोपातल्या गिऱ्हाइकांना आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क २०१८ पासून आहे, आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही तो आला. म्हणजे उद्या कुणी म्हणालं की माझं नाव, माझे मेल, सगळं तुमच्या इतिहासातून पुसा, तर पुसायलाच हवं. आणि आमच्या इतिहासातून काही पुसायचं नाही, हे भाऊसाहेबांनीच भांडून ठरवून घेतलेलं. पोरांनी या गोष्टीचा यथेच्छ आनंद लुटला. "काय भाऊसाहेब, आता खोडरबर आणायचं का?" कंस करून भागणार नव्हतं, कारण कंसातलं वाचता येतं, तीच तर त्याची खुबी. भाऊसाहेब दोन दिवस गप्प होते. मग शनिवारी गावाला गेले.

वडील आता थकलेत, ऐकायला कमी येतं. भाऊसाहेबांनी ओरडून ओरडून सगळं समजावलं: एजंट कशाला म्हणतात, लॉग काय, युरोप कुठं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नंबर तसाच ठेवायचा, आणि नाव कुणाला वाचता येऊ द्यायचं नाही. एवढंच ना? मग वाचता येणार नाही असा कंस कर की."

सोमवारी भाऊसाहेबांनी हे जसंच्या तसं मीटिंगमध्ये मांडलं. पोरं हसली. लीड हसला नाही. प्रत्येक माणसाच्या नोंदी त्याच्या स्वतंत्र किल्लीनं कुलूपबंद करून ठेवायच्या, आणि त्यानं पुसा म्हटलं की ती किल्लीच नष्ट करायची. ओळ जागच्या जागी राहते, नंबर राहतो, आतलं पुन्हा कुणालाच वाचता येत नाही, आपल्यालाही नाही. ही रीत खरोखरच आहे, तिला क्रिप्टो-श्रेडिंग म्हणतात.

तसंच केलं. त्या पानाच्या तळाशी, जिथं मदत करणाऱ्यांची नावं देतात, तिथं भाऊसाहेबांनी इंग्रजी लिपीत रीतसर नोंद घातली: सल्ला, तलाठी (निवृत्त), तालुका माण, जिल्हा सातारा. पंधरवड्यात न्यू जर्सीच्या एका गिऱ्हाइकाचं मेल आलं. हे तलाठी नावाचे सल्लागार कुठल्या फर्मचे, आणि त्यांचा तासाचा दर काय? भाऊसाहेबांनी आमच्यासमोरच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर, आणि दर विचारला. दोनदा ओरडून विचारावा लागला.

"दर कसला?" पलीकडून आवाज आला. "कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायला सांग त्याला. आणि दुपारी येऊ नको म्हणावं, मी झोपतो."